गाणी बिघडली, असं दादा म्हणायचा

नंदाचा, दादाच्या लेकीचा, फोन आला तेव्हा मी शाळेतून नुकतीच घरी आले होते, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. फलटणहून ती अधूनमधून फोन करायची, मुलांचं सांगायची, माझ्या गुडघ्यांचं विचारायची. पण आपल्या वडिलांचा विषय स्वतःहून कधी काढायची नाही. त्या दिवशी ती "आत्या, नाना..." एवढंच म्हणाली आणि थांबली. तिच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि पुढचं तिला सांगावं लागलं नाही. मिळेल ती एस.टी. धरून सांगलीहून निघाले, कराडला गाडी बदलली, आणि कोरेगावजवळच्या आमच्या गावात पोचले तेव्हा दादाला अंगणात घेतलं होतं. गावातलं भजनी मंडळ त्याच्या उशाशी बसून अभंग म्हणत होतं. अभंग जुनाच, पण चाल... चाल यंदा रिक्षातून, पानपट्टीवरून, लग्नाच्या मांडवातून दिवसरात्र कानांवर आदळणाऱ्या एका सिनेमातल्या गाण्याची. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. म्हणणारे मनापासून म्हणत होते, दोघा-तिघांच्या डोळ्यांत पाणीही होतं. दादा उठून बसला असता तर त्यानं टाळ हिसकावून घेतले असते. पण तो निपचित होता, आणि ज्या गाण्यांचा त्यानं जन्मभर दुस्वास केला त्यातल्याच एकाच्या चालीवर त्याला निरोप दिला जात होता. मला पहिल्यांदा रडू फुटलं ते तेव्हा. त्याला जाऊन आता महिना उलटला. तरी ती चाल कुठं कानावर पडली की मी हातातलं काम सोडून उभी राहते.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. आम्ही दोघंच. घरी चार बिघे ऊस, वडील भजनात पेटी वाजवायचे, तीच पेटी दादाच्या हातात आली. सूर त्याला कुणी शिकवला नाही. वडिलांच्या मांडीला मांडी लावून बसता बसता तो त्याच्या अंगात शिरला. वयात आल्यावर आमच्याकडच्या रीतीप्रमाणं तो लष्करात गेला, तोफखान्यात. सुटीवर यायचा तेव्हा ट्रंकेतून आमच्यासाठी स्वेटर निघायचे आणि त्यांच्यात गुंडाळलेल्या रेकॉर्डी. हवालदार होऊन पेन्शनीवर आला त्या साली त्यानं रेकॉर्ड प्लेअर आणला, आणि मग आमच्या सोप्यात संध्याकाळी माणसं जमू लागली. रानातून आलेली, पाय धुऊन, टॉवेल खांद्यावर टाकून बसलेली माणसं. दादा एखादं गाणं लावायचा आणि मधेच सुई उचलायचा. "आता हितं ध्यान द्या. बाई श्वास घेतीया, पन कुनाला कळू देत न्हाई बगा." पुन्हा सुई ठेवायचा. मी मराठीची शिक्षिका, कविता शिकवणं हा माझा धंदा. पण एखादी ओळ थांबून, मागं जाऊन, पुन्हा ऐकायची असते हे मी माझ्या भावाकडून शिकले. नंदा तेव्हा लहान होती. त्याच्या गुडघ्याला टेकून बसायची. तो पेटीची एक पट्टी दाबून धरायचा आणि म्हणायचा, "ह्यो तुजा सा. ह्यो सोडून कुटं जायाचं न्हाई." आणि ती पोर डोळे मिटून त्याला सा लावायची... आवाज असा की गोठ्यातली वहिनी धार काढायची थांबायची.

गाणी बिघडली, असं दादा नेमका कधीपासून म्हणायला लागला ते आता आठवून सांगता येत नाही. आधी सगळेच म्हणतात तसं म्हणायचा. गावात कॅसेटचं दुकान निघालं, प्रत्येक घरात टेप आला, ट्रॅक्टरला कर्णे लागले, आणि दादाची तक्रार वाढत गेली. "आता गाणारं तोंडात पान धरल्यागत गात्यात. शबूद कळंल तर शपथ. नुसता ढोल. ढोलावर ढोल." मी सुटीत आले की आमचा वाद ठरलेला. माझं म्हणणं असं की दादा, टाकाऊ गाणी तेव्हाही होती, ती आपण विसरलो. चाळणीत उरलेली तेवढी घेऊन तू आजच्या सगळ्या राशीशी तुलना करतोस. तो म्हणायचा, "चाळनीत उरायला त्यात दानं तर पायजेत." खरं सांगायचं तर निम्म्या मनानं मी त्याच्याच बाजूची होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाचवीच्या पोरी ज्या गाण्यांवर नाचत त्यांचे शब्द मला फळ्यावर लिहवले नसते. घाईघाईनं बांधलेल्या चाली, एकीसारखी दुसरी, आणि सगळ्यांवर तोच यंत्राचा ठोका... हे मलाही जाणवायचं. पण दादाचं प्रकरण पुढं गेलं. भजनी मंडळातला तरणा गायक सूर सोडतो म्हणून त्यानं मंडळ सोडलं. पेटी बिघडलीय, वरचे सूर मरतायत म्हणून ती साताऱ्याला दुरुस्तीला दिली. कारागिरानं सांगितलं, पेटीला काही झालेलं नाही. तर दादा म्हणाला, कारागीरसुद्धा आता पैल्यासारखे ऱ्हायले न्हाईत. मग पेटी माळ्यावर गेली. सोप्यातली बैठक मोडली. तो एकटाच जुनी गाणी लावून बसायचा, तीही एवढ्या मोठ्यानं की वहिनी म्हणायची, "आवं, देवळातला देवबी उठून बसंल." आम्हाला वाटायचं, पलटणीतला गडी, त्याचं सगळंच मोठ्यानं.

नंदा बारावी झाली आणि कॉलेजसाठी माझ्याकडं सांगलीला आली. एकोणीसशे नव्वदनंतरची ती पहिली वर्षं. गणपतीत, जयंतीला, यात्रेला गावोगाव ऑर्केस्ट्रा लागायचे. सांगलीतल्या एका ऑर्केस्ट्राच्या चालकानं तिला कॉलेजच्या कार्यक्रमात ऐकलं आणि घरी आला. मी दादाला विचारल्याशिवाय हो म्हटलं नाही. तो दोन दिवसांनी म्हणाला, "जुनी गानी म्हनत असंल तर म्हनू दे." नंदा जुनीही म्हणायची, पण ऑर्केस्ट्रात नुसत्या जुन्यावर कसं भागणार? कृष्णेच्या घाटाजवळ एका शाळेच्या वर्गात त्यांची तालीम चालायची, मी तिला आणायला जायची आणि बाकावर बसून ऐकायची. ज्या नव्या गाण्यांना मी नाक मुरडायची त्यातलंच एखादं ती असं म्हणायची की त्या गाण्याच्या आत काहीतरी होतं, आणि ते मला आधी दिसलंच नव्हतं, असं वाटायचं. तिचा आवाज वर गेला की बारीक व्हायचा नाही, उजळायचा. चालक मला म्हणाला होता, "बाई, ही पोर इथं थांबणार नाही." मला ते ऐकून आनंद झाला आणि भीतीही वाटली.

त्या साली कोरेगावच्या एका मंडळानं त्यांचा कार्यक्रम ठेवला. गावची लेक गाणार म्हणून आमच्या गावातून ट्रॉली भरून माणसं गेली. दादाला पुढच्या रांगेत खुर्ची, हातात श्रीफळ, गळ्यात हार. दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. नंदानं पहिलं गाणं जुनं म्हटलं, दादाकडं बघत म्हटलं. तो मान हलवत होता. नंतरचं गाणं नवं होतं, वरच्या पट्टीतलं, त्यात ऑर्केस्ट्राचा सगळा जोर लागायचा. तिनं पहिलं कडवं संपवलं, दुसऱ्याला सुरुवात केली... आणि दादा उठला. मला वाटलं, बक्षीस द्यायला चाललाय. बहुतेकांना तसंच वाटलं असणार, कारण टाळ्या पडल्या. तो पायऱ्या चढून वर गेला, तिच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाला, "बंद करा. माजी लेक हाय म्हनून मीच सांगतो. बेसूर गातीया. आनि गानंबी गानं न्हाई." वाजवणारे एकेक करून थांबले. एवढ्या मोठ्या गर्दीत कुणी तरी शीळ घातली, कुणी हसलं. नंदा जागची हलली नाही. मग तिनं दादाच्या हातातला माइक सावकाश काढून घेतला, स्टँडला नीट अडकवला, आणि मागच्या बाजूनं उतरून गेली.

ती मला जनरेटरच्या गाडीमागं सापडली. आवाज एवढा होता की कानाला तोंड लावून बोलावं लागत होतं. "आत्या, मी खरंच बेसूर होते?" मी म्हटलं, "नव्हतीस. शपथेवर सांगते, नव्हतीस." ती माझ्याकडं बघत राहिली. "तुम्हाला कविता कळती, आत्या. सूर नानांना कळतो. त्यांनीच मला सा दिला."  दादाशी मी त्याच दिवशी भांडले, वहिनीसमोर, जेवणाचं ताट पुढं असताना. तुला काय झालंय, सगळ्या जगाला ती सुरात वाटते आणि तुला एकट्यालाच बेसूर वाटते? तो म्हणाला, "जग बिघडलंय म्हनूनच तर बेसूर चालतंय. तुमा बायकांना सुरातलं काय कळतंय?" पण जेवला नाही. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, हे मी तेव्हाही पाहिलं. दुःख होतं. आपल्या हातानं घडवलेली वस्तू आपल्यासमोर फुटली असं तोंड करून तो बसला होता. त्यानं खोटं काही केलं नव्हतं... त्याला जे ऐकू आलं तेच तो बोलला होता.

सांगलीला परत आल्यावर नंदा काही दिवस तालमीला गेली. एक ओळ म्हणायची, मधेच थांबायची आणि वाजवणाऱ्यांकडं बघायची, आता बरोबर होतं का म्हणून. घरी भांडी घासताना गुणगुणायची तेही बंद झालं. ज्याला स्वतःच्या पावलाचा भरवसा राहिला नाही त्यानं कसं चालावं? चालक दोनदा येऊन गेला, समजावून गेला, मग त्याला दुसरी मुलगी मिळाली. तिचा आवाज बरा होता, एवढंच म्हणता येईल. पुढं तिच्या कॅसेट निघाल्या, सांगली स्टँडवर कितीतरी दिवस वाजत होत्या. लोक म्हणायचे, आता पूर्वीसारखे आवाज कुठं राहिलेत! मी बसची वाट बघत ते ऐकायची आणि मनात म्हणायची, आहेत बाबांनो, माझ्या घरी एक आहे, तांदूळ निवडतोय.

पदवी झाली, फलटणच्या बाजूला साखर कारखान्यात नोकरी असलेला मुलगा मिळाला, लग्न झालं. नंदा सणाला माहेरी यायची, वडिलांच्या पाया पडायची, आईजवळ बसायची आणि जायची. बापलेकीत भांडण असं नव्हतंच. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. दादा आणखी एकटा पडला. दूरदर्शनवर नव्या गाण्यांचा कार्यक्रम लागला की बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. पुढं पुढं तो माणसांनाही म्हणायला लागला, "काय पुटपुटतुयास? नीट बोलाय शिकवलं न्हाई का कुनी?" गाणाऱ्यांनंतर आता बोलणारेही बिघडले.

गेल्या वर्षी त्याला चक्कर यायला लागली म्हणून मी त्याला मिरजेला डॉक्टरांकडं नेलं. मिरज म्हणजे आमच्या भागाचं दुखण्याचं, दवाखान्यांचं गाव. त्या डॉक्टरांनी कानाच्या डॉक्टरांकडं पाठवलं, शरीराचा तोल आतल्या कानात असतो म्हणून. तिथं दादाला काचेच्या लहानशा खोलीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की बटण दाबायचं. दादा ताठ बसला, अंगठा बटणावर, नजर समोर, पहाऱ्यावर उभं राहावं तसा. सुरुवातीला त्यानं बटण दाबलं, समोरचा दिवा लागला, पुन्हा लागला. मग डॉक्टर चकत्या फिरवत राहिले आणि दिवा लागेना. मी काचेतून बघत होते. दादा तसाच, अंगठा तयार ठेवून, आज्ञेची वाट बघत. बराच वेळ गेला तसा तो तिथूनच ओरडला, "सायेब, करा की आता चालू." डॉक्टरांची तपासणी संपत आली होती.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "हवालदार, शेवटची पाखरं कधी ऐकलीत?" दादा म्हणाला, "पाखरं कुटं ऱ्हायल्यात आता, सायेब? उसावर औषिदं मारून मारून समदी मेली." त्या वेळी खिडकीच्या गजांवर चिमण्यांचा असा कालवा चालला होता की डॉक्टरांना आवाज चढवून बोलावं लागत होतं. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी बसून सावकाश सांगितलं. तोफांच्या आवाजानं कान आतून झिजतात. आधी वरचे, बारीक आवाज जातात. माणसाला कळत नाही, कारण खालचं सगळं ऐकू येत असतं. शब्दांतली धार जाते, ठोका तेवढा राहतो. आणि अशा कानाला वरचा सूर कधी कधी जागेवरून घसरल्यासारखा, चुकीचाच ऐकू येतो. दादानं विचारलं, "कवापासनं असंल ह्ये?" डॉक्टर म्हणाले, "फौजेतून आलात तेव्हाच सुरुवात झाली असणार. वयानं पुढं वाढलं."

मिरजेच्या स्टँडसमोर आम्ही चहा घेतला. दादानं चहा बशीत ओतला, पण बशी उचलली नाही. "मालू," तो म्हणाला, "नंदा बेसूर गात व्हती का गं?" मी म्हटलं, "नाही, दादा." "जरा बी न्हाई?" "जरासुद्धा नाही." त्यानं बशी बाजूला सारली. "मग तवा सांगितलं का न्हाईस?" "सांगितलं होतं, दादा. त्याच दिवशी." त्यानं मान हलवली. मी बोलले ते त्याला ऐकू आलं होतं की नाही, कुणास ठाऊक. गाडी लागली तरी तो बाकावरून उठेना.

त्याला कानामागं लावायचं मशीन घेतलं. पहिल्या दिवशी त्यानं रेकॉर्डी काढायला लावल्या. त्याचं सगळ्यात लाडकं गाणं लावलं. सोप्यात सुई उचलून श्वास दाखवायचा, ते. थोडं वाजलं आणि त्यानं विचारलं, "ह्ये काय वाजतंय बारीक?" मी म्हटलं, घुंगरू आहेत, दादा, पहिल्यापासून आहेत. त्यानं ते पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. "मी इसरलोच व्हतो की घुंगरू हाईत." मग जरा वेळानं स्वतःशीच म्हणाला, "म्हंजे मी जुनंबी ऐकत न्हवतो... नुसतं आटवत व्हतो." पुढचे कितीतरी दिवस तो शेजारच्या पोरांकडून नव्या कॅसेट मागून आणायचा आणि एखाद्या खटल्याची कागदपत्रं वाचावीत तशा ऐकायचा. मी विचारलं, "काय निकाल?" म्हणाला, "लय गानी भिकारच हाईत, मालू. त्यात मी चुकलो न्हाई. पन काई चांगली हाईत. ती मी मारली." मी म्हटलं, तुझ्या म्हणण्यानं गाणी थोडीच मरतात. तो म्हणाला, "एक मेलं की."

फलटणला त्याला मीच घेऊन गेले. गळिताचा हंगाम होता, कारखान्याच्या वसाहतीभर मळीचा उग्र वास. नंदा दारात आली, पाया पडली, पाणी दिलं. दादा खुर्चीवर बसला नाही, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खाली बसला आणि काही मागचं-पुढचं न बोलता म्हणाला, "नंदे, माजं कान गेल्यालं हाईत. लय वरसं झाली. मला ठावं न्हवतं." ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. मी सगळं सांगितलं, डॉक्टरांचं, तोफांचं. तिनं तव्यावरची पोळी उलटली, गॅस बंद केला. "बरं झालं कळलं," एवढंच म्हणाली. दादानं हात जोडले. बापानं लेकीपुढं हात जोडलेले मला बघवेनात, मी नातवंडांकडं बघत राहिले. "एक डाव म्हन, बाय," तो म्हणाला. "तेच गानं. आता मशीन हाय." ती नको म्हणाली, सवय गेलीय म्हणाली. आणि मग भिंतीला टेकून, डोळे मिटून, पिठाचे हात मांडीवर ठेवून तिनं सुरुवात केली.

दोन ओळी झाल्या असतील. आवाज गंजला होता, पण सूर जागेवर होता, लख्ख. दादानं नीट ऐकू यावं म्हणून कानावर हात नेला, मशीन सैल झालं आणि शीळ घालू लागलं. तीक्ष्ण, सुईसारखी, नंदाच्या सुराच्या वर चढणारी. पोरं हसायला लागली. आम्हा सगळ्यांना ती शीळ ऐकू येत होती, दादाला तेवढी येत नव्हती. तो डोळे मिटून मान हलवत होता. नंदा थांबली. त्यानं डोळे उघडले, "थांबलीस का? म्हन की." ती उठली, हात पदराला पुसले, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसून तिनं त्याच्या कानातलं मशीन नीट बसवलं. शीळ बंद झाली. लग्नानंतर पाया पडण्यापलीकडं तिनं वडिलांना हात लावलेला मी पाहिला नव्हता. दादा म्हणाला, "सुरात व्हतीस." ती म्हणाली, "व्हते, नाना. तवाबी व्हते." पुढं गायली मात्र नाही. त्यानंही पुन्हा म्हटलं नाही. जेवणं झाली. निघताना ती म्हणाली, दिवाळीला येईन, चार दिवस राहीन. दादा येताना गाडीत वाटभर खिडकीबाहेर बघत होता, एकदाच म्हणाला, "दिवाळीला येनार हाय ती."

दिवाळी यायच्या आधीच तो गेला. वहिनीनं सांगितलं ते असं. दुपारी जेवून दादा आतल्या खोलीत जाऊन पडला, रेडिओ लावला. वहिनी परड्यात शेंगा वाळत घालत होती. रेडिओ मोठ्यानं चालायचाच, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. शेजारची बाई लहान मुलाला निजवत होती, ती भिंतीपलीकडून दोनदा ओरडली आणि शेवटी स्वतःच आली, "आक्का, जरा बारीक करा की त्यो. प्वार उटतंय." वहिनी बारीक करायला आत गेली. मशीन काढून उशाशी ठेवलेलं होतं. रेडिओ गात होता आणि दादा गेलेला होता.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी दुसऱ्या दिवशी निघणार होते. नंदा आणि मी दादाची खोली आवरायला घेतली. खिडकीखालच्या फळीवर तो रेडिओ होता, जुना, लाकडी खोक्याचा. त्यावरचा विणलेला रुमाल काढला तर वरच्या बाजूला, डावीकडं, लाकडाचं पॉलिश गेलेलं दिसलं. तळहाताएवढी जागा, गुळगुळीत, इतर लाकडापेक्षा फिकट. मी वहिनीला विचारलं, हे कशानं झालं? ती दारात उभी होती. "त्येंच्या हातानं," ती म्हणाली. "हात ठिवूनच ऐकायचं. मी म्हनायची, आवं, रेडू काय पळून जातुय का, धरून बसायला? तर म्हनायचं, असं जरा बरं लागतंय." नंदानं विचारलं, "कवापासनं गं?" वहिनी आठवत राहिली. "तू साळंत व्हतीस, तवापासनं."

नंदा फळीजवळ गेली. मग तिनं रेडिओ लावला. कुठलं तरी नवं गाणं लागलं होतं, ठोक्यावर ठोका, मी एरवी ऐकता ऐकता बंद केलं असतं असं. तिनं आवाज कमी केला नाही. त्या फिकट जागेवर, लाकडात ठोका घुमत होता तिथं, तळहात टेकवला आणि डोळे मिटले. गाणं संपलं, पाठोपाठ बाजारभाव सांगायला लागले, कांदा, बटाटा, घेवडा. तरी तिनं हात काढला नव्हता.